गारगोटीला ताप किती होता?

(खडक, माती, पाणी यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या बाईंनी नांदेडला ३१ वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं.)

प्रश्न : आदरणीय मॅडम, स. न. वि. वि. यंदा उन्हाळ्यात आम्ही विहीर आणखी खोल घेतली. ४२ फुटांवर सुरुंग लावला तर काळ्या पाषाणात कलिंगडाएवढी पोकळी निघाली. आतून चहूबाजूंनी गारगोटीचे टोकदार खडे, काही पांढरे, काही फिक्कट जांभळे. एका अंगाला पंख्यासारखे गुलाबीसर पापुद्रे आणि गारगोटीवर बसलेला पिवळट असा एक मोठा खडा. यारीवाला म्हणला, विकून टाका. मुलगी आठवीला आहे. ती म्हणते, हे खडे लाव्हारसातच १२०० अंशाला तयार झाले, शाळेत तसं सांगितलं. मला काही झोप लागंना. कोट्यवधी वर्षांपूर्वीची उष्णता आज कुणी मोजली? तेव्हा थर्मामीटर घेऊन कोण बसलं होतं? म्हणलं तुम्हालाच विचारावं.
– एक शेतकरी, भोकरदन तालुका, जि. जालना

उत्तर : मुलीचं अर्धं उत्तर बरोबर आहे, तिला तसं जरूर सांगा. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा लाव्हारसाचाच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो बाहेर पडला तेव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला होता. थरावर थर पसरत गेले. आज शिल्लक आहे तोच पसारा ५ लाख चौरस किलोमीटरच्या घरात जातो आणि आपला बहुतेक सगळा मराठवाडा त्यावर बसलाय. रस निवत आला की आतले वायू बुडबुड्यांनी वर येतात. तोवर वरची साय घट्ट झालेली असते, बुडबुडे तिथंच अडकतात. विहिरीवरची माणसं ज्याला मांजऱ्या म्हणतात तो असाच, बुडबुडे नंतर भरून निघालेला खडक. तुमचं कलिंगड म्हणजे एक मोठा बुडबुडा, नाहीतर दोन-तीन एकमेकांत मिसळलेले.

पण बुडबुडा वेगळा आणि बुडबुड्यातला माल वेगळा. ती पोकळी आधी रिकामीच होती. पुढं खडक निवला, भेगांतून पाणी मुरलं, त्या पाण्यानं खडकातली सिलिका, म्हणजे गारगोटी जिची बनते ती, थोडीथोडी विरघळवली आणि पोकळीत येऊन भिंतीवर कणाकणानं बसवली. खड्यांची टोकं सगळी आतल्या बाजूला आहेत ना? मोकळी जागा होती तिकडं ते वाढले. रसात जन्मलेल्या खनिजाला अशी ऐसपैस जागा मिळत नाही, ती एकमेकांत दाटीनं गुंतलेली असतात.

आणि ते पंख्यासारखे गुलाबीसर पापुद्रे म्हणजे बहुधा स्टिल्बाइट, झिओलाइट कुळातलं खनिज. त्याचा एक कपचा चिमट्यात धरून ज्योतीवर धरा, मुलीला शेजारी उभं करा. (डोळ्यांवर चष्मा हवा, कपचा उडू शकतो.) तो फुगतो, पापुद्रे सुटतात, उकळल्यासारखा दिसतो, कारण त्याच्या अंगात पाणी मुरवलेलं असतं. १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश माणसानं हेच पाहिलं आणि ग्रीक शब्द जोडून त्याला ‘उकळणारा दगड’ असं नाव दिलं, तेच झिओलाइट. जे स्वयंपाकघरातल्या ज्योतीला टिकत नाही ते १२०० अंशांच्या रसात कसं जन्मेल? तुमची पोकळी गरम पाण्यात भरली, रसात नाही, इतकं तर घरबसल्या कळलं.

आता तुमचा खरा प्रश्न. किती गरम पाणी? कोमट, कढत, की त्याच्याही वर?

गारगोटी म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. हा ऑक्सिजन सगळा एका वजनाचा नसतो. १०,००० अणू मोजले तर साधारण ९,९७६ अणू १६ वजनाचे, ४ अणू १७ वजनाचे आणि २० अणू १८ वजनाचे निघतात. रसायनाच्या दृष्टीनं तिन्ही ऑक्सिजनच, यांना समस्थानिक म्हणतात. फरक एवढाच की जड अणू ज्या बंधात असतो तो बंध थोडा संथ थरथरतो आणि तुटायला किंचित जास्त जोर मागतो. म्हणून जिथं बंध घट्ट आणि आखूड तिथं जड अणू जाऊन बसायला बघतो. गारगोटीतला सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध फार घट्ट, तेव्हा शेजारच्या पाण्यापेक्षा गारगोटीत ऑक्सिजन-१८ जास्त साठतो.

किती जास्त, हे तापमान ठरवतं. आपल्याकडं पौषात हुरड्याला शेतावर आगटी पेटवतात. कडाक्याची थंडी असली की आगटीजवळच्या जागेसाठी ओढाताण, म्हातारी माणसं ती जागा सोडत नाहीत. त्याच शेतात वैशाखात माणसं जमवा, कोण कुठं बसलंय याचं कुणाला काही नसतं. अणूंचंही असंच. गार असताना जड अणू आपली जागा धरून बसतो, गारगोटी आणि पाणी यांच्यातला फरक मोठा राहतो. उष्णता वाढली की थरथर इतकी वाढते की निवडानिवड संपते आणि फरक कमी कमी होत जातो. तो फरक खनिजात कोरला जातो आणि खनिज पुन्हा तापलं किंवा विरघळलं नाही तर कोट्यवधी वर्षं तसाच राहतो. तुम्ही विचारलं ना, थर्मामीटर घेऊन कोण बसलं होतं? गारगोटी स्वतः बसली होती.

मोजलं कुणी, तेही सांगते, कारण त्या नावांमधलं एक नाव मला फार जवळचं आहे. हॅरल्ड युरी हे अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ, जड हायड्रोजन शोधल्याबद्दल त्यांना १९३४ साली नोबेल मिळालं होतं. १९४७ साली त्यांनी कागदावर गणित मांडून दाखवलं की समस्थानिकांची ही वाटणी तापमानावर अवलंबून असते. चारच वर्षांत, १९५१ साली, त्यांच्या शिकागोच्या गटानं माकूळ माशाच्या एका प्राचीन नातेवाइकाचं, बेलेम्नाइटचं, शरीरातलं दगडासारखं कठीण टोक मधोमध कापलं आणि झाडाच्या वलयांसारख्या थरांतून खरवडून खरवडून मोजलं. त्या जिवानं कोट्यवधी वर्षांपूर्वी पाहिलेले उन्हाळे-हिवाळे त्यात वेगवेगळे दिसले. शिंपले, चुनखडक आम्लात विरघळतात, त्यांचं जमलं, पण गारगोटी आम्लाला दाद देत नाही. तिच्यातून ऑक्सिजन सोडवायला रॉबर्ट क्लेटन आणि तोशिको मायेदा यांनी १९६३ साली ब्रोमीन पेंटाफ्लोराइड वापरायची रीत बसवली. हे रसायन काचही खातं, म्हणून निकेलच्या नळीत काम करावं लागतं.

या मायेदाबाई मूळच्या जपानी घरातल्या, जन्म अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यात याही होत्या. सुटल्यावर १९४९ साली शिकागोतून रसायनाची पदवी घेतली आणि युरींच्या प्रयोगशाळेत काम मिळालं ते काचेची भांडी धुण्याचं. तिथून त्या मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र, चालवायला शिकल्या आणि पुढची पन्नासेक वर्षं जगभरच्या खडकांचे, उल्कांचे आकडे त्यांच्या हातून गेले. गारगोटी आणि पाणी बंद पात्रात दाबाखाली तापवून, कोणत्या तापमानाला किती फरक पडतो याचा तक्ता १९७२ साली क्लेटन, ओ’नील आणि मायेदा यांनी दिला. आजही विद्यार्थी तोच वापरून शिकतात. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा.

आकडा लिहायची पद्धत अशी. समुद्राच्या पाण्यातलं ऑक्सिजन-१८ चं प्रमाण शून्य धरायचं. एखाद्या खनिजात ते दर हजारी २५ नं जास्त निघालं तर लिहायचं +२५. पावसाचं पाणी समुद्रापेक्षा हलकं असतं, ते उणे येतं.

आता समजा, तुमच्या गारगोटीचा आकडा +२५ आला. तापमान किती? इथं मी थांबते, आणि मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हेच. या एका आकड्यावरून तापमान सांगताच येत नाही. एकट्या दगडाला ताप विचारता येत नाही, त्याला जोडी लागते. ज्या पाण्यातून गारगोटी बसली त्या पाण्याचा आकडा ठाऊक हवा. ते पाणी तर केव्हाच वाहून गेलं. मग अंदाज करायचा. पाणी पावसाचं, उणे ४ चं होतं असं धरलं तर १९७२ च्या सूत्रानं उत्तर येतं सुमारे ५१ अंश. ते उणे ८ चं होतं असं धरलं तर ३३ अंश. आणि पाणी फार काळ गरम खडकात फिरून खडकाचाच जड ऑक्सिजन अंगाला लावून शून्यापर्यंत आलेलं असेल तर ७४ अंश. दगड तोच, आकडा तोच, तापमानं तीन. (ते सूत्र २०० ते ५०० अंशांच्या प्रयोगांवरून काढलेलं आहे, त्याखाली ते ताणून वापरतात, हेही ध्यानात ठेवा.) कुणी तुम्हाला गारगोटीच्या एकाच आकड्यावरून छातीठोक तापमान सांगितलं तर विचारा, पाणी कोणतं धरलंत?

तुम्ही म्हणाल, जोडी तर पोकळीतच आहे, तो पिवळट मोठा खडा! तो बहुधा कॅल्साइट, त्यातही ऑक्सिजन असतो. खड्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइटच. पण तुमच्याच पत्रात उत्तर आहे: तो गारगोटीवर बसलाय. म्हणजे गारगोटी आधी झाली, तो मागून आला. मधे किती काळ गेला, पाणी किती वेळा बदललं, कुणाला ठाऊक? शेजारी आहेत म्हणून ते जोडीनं जन्मले असं होत नाही. दोघांचा फरक काढून तापमान मांडलं तर आकडा सुबक येईल आणि सपशेल खोटा असेल. जोडी धरायची ती एकाच वेळी, एकाच पाण्यातून वाढलेल्यांची, ज्यांच्या कडा एकमेकांत मिसळलेल्या आहेत त्यांची.

मग पाणी शोधायचं कुठं? कधीकधी ते गारगोटीच्याच पोटात असतं. मी एम.एस्सी.ला असताना गारगोटीची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. दुधाळ भागात बारीक बारीक खळगे, एकात पाणी, पाण्यात एक गोल बुडबुडा, आणि तो बुडबुडा आपोआप थरथरत इकडून तिकडं जात होता. मी श्वास धरून पाहत राहिले. खडा वाढताना कोंडलं गेलेलं ते पाणी, पुन्हा उघडं न पडलेलं. चकती सावकाश तापवत न्यायची, बुडबुडा लहान लहान होत नाहीसा होतो, ते तापमान लिहून घ्यायचं. खडा किमान तितक्या उष्णतेला बंद झाला असला पाहिजे. ऑक्सिजनचं उत्तर आणि बुडबुड्याचं उत्तर जुळलं तर विश्वास ठेवायला जागा आहे.

कॅल्साइटसाठी आता आणखी एक वाट निघाली आहे. त्याच्यात कार्बनही असतो, आणि जड कार्बन जड ऑक्सिजनला किती वेळा चिकटलेला आहे हेही तापमानावरच ठरतं. म्हणजे जोडी त्या एकाच खनिजात सापडते, पाणी ठाऊक नसलं तरी चालतं. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतून हे मांडलं गेलं, तेव्हा त्या लेखाचे पहिले लेखक होते प्रसेनजित घोष. पुढं ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. तेव्हा तुमचा तो पिवळट खडा गारगोटीपेक्षाही जास्त बोलका निघू शकतो.

विकण्याबद्दल तुमचा निर्णय तुमचा. जांभळा खडा मात्र चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका, तापवला की त्याचा रंग उडतो. आणि पोकळीचा निदान एक तुकडा खडकासकट ठेवा, ज्यात काळा पाषाण, गारगोटी, पापुद्रे आणि पिवळा खडा एकावर एक दिसतात. सुटा खडा सुंदर दिसतो, पण कोण आधी आणि कोण मागून हे तो सांगू शकत नाही. आमच्या घरी देवळीत चिमणीच्या दिव्याशेजारी असाच एक सुटा खडा होता, आजोबांनी कुठल्या तरी विहिरीतून आणलेला. कुठली विहीर, किती खोल, कुणी लिहून ठेवलं नाही. तुम्ही ४२ फूट असं लिहिलंत, ते चिठ्ठीवर लिहून तुकड्याला बांधून ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. भूगर्भशास्त्र दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी देगलूरकडचा ग्रॅनाइट घ्यायचा विचार आहे. सराव म्हणून एक गणित सोडवलं: ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झ (गारगोटी) आणि मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं काळं लोहखनिज) यांच्या ऑक्सिजन-१८ मध्ये दर हजारी १० चा फरक, तापमान काढा. माझं उत्तर ५२० अंश आलं. पण ग्रॅनाइट तर साधारण ६५० ते ७०० अंशांना घट्ट होतो असं शिकलोय. माझं गणित चुकलं का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : गणित बरोबर आहे, शाबास. चिबा, चाको, क्लेटन आणि गोल्डस्मिथ यांचं १९८९ चं सूत्र तुम्ही वापरलेलं दिसतं: फरक म्हणजे ६.२९ गुणिले दहा लाख, भागिले केल्विनमधल्या (सेल्सिअस अधिक २७३) तापमानाचा वर्ग. फरक १० धरला की ७९३ केल्विन, म्हणजे ५२० अंश सेल्सिअस. आणि जोडीही चांगली निवडली आहे. क्वार्ट्झ जड ऑक्सिजन सगळ्यात जास्त घेतं, मॅग्नेटाइट जवळजवळ सगळ्यात कमी, म्हणून दोघांतलं अंतर मोठं आणि मोजमापातली चूक सोसवणारं. फरकात ०.२ ची चूक झाली तर तुमचं उत्तर फक्त ८ अंशांनी हलेल. त्याऐवजी क्वार्ट्झ आणि अल्बाइट फेल्डस्पार घेतलं असतंत, तर त्याच तापमानाला फरक अवघा दीड भरला असता आणि त्याच ०.२ च्या चुकीनं उत्तर ५०-६० अंशांनी सरकलं असतं.

मग ६५० ते ७०० आणि ५२० यांचं काय? दोन्ही खरे, प्रश्न वेगळे आहेत. ग्रॅनाइट खोल जमिनीत, सावकाश निवतो. घट्ट झाल्यावरही खनिजं आपसांत ऑक्सिजनची देवाणघेवाण करत राहतात, कणांच्या कडांवरच्या पाण्याच्या मदतीनं. तापमान उतरत उतरत एका टप्प्यावर अणूंचं सरकणं इतकं मंदावतं की व्यवहार थांबतो. तुमच्या ५२० नं सांगितलं ते व्यवहार बंद पडला तो क्षण, जन्माचा नाही. दुकानाचं शटर पडल्याची वेळ कळली, उघडल्याची नाही. बंद पडण्याचं हे तापमान कणाच्या आकारावर, निवण्याच्या वेगावर आणि पाणी होतं की नव्हतं यावर ठरतं. म्हणून अहवालात ‘ग्रॅनाइट ५२० अंशांना तयार झाला’ असं वाक्य लिहू नका. परीक्षक नाही बोलले तरी मी बोलेन. पटकन निवलेल्या ज्वालामुखी खडकात हा गोंधळ पुष्कळ कमी होतो, पण आपल्या बेसॉल्टमध्ये जन्माचं क्वार्ट्झच नसतं, तिथं पायरोक्सीन किंवा प्लॅजिओक्लेज ही त्यातली खनिजं घेऊन मॅग्नेटाइटशी जोडी लावावी लागते, आणि प्लॅजिओक्लेज पाण्यानं लवकर बिघडतं.

देगलूर, बिलोली, मुखेडकडचा ग्रॅनाइट घेताय हे वाचून फार बरं वाटलं. मराठवाड्यात काळ्या पाषाणाखालची जुनी जमीन उघड्यावर बघायची तर तिकडंच जावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं ६१७ मीटर खोल भोक घेतलं. ३३८ मीटर बेसॉल्ट संपेपर्यंत खाली जावं लागलं, मग गाळाचा पातळसा थर, आणि त्याखाली तुमच्या ग्रॅनाइटच्याच जातकुळीतला प्राचीन खडक. लातूरकरांना जे शेकडो मीटर खोल ते तुम्हाला एस.टी.तून उतरून हातात घेता येतं.

नमुना निवडताना खाणीतला ताजा, न गंजलेला दगड घ्या. रस्त्याकडेचा तांबूस पडलेला नको, त्यातलं मॅग्नेटाइट गंजून हेमाटाइट झालेलं असतं. आणि वेचणीला वेळ द्या. प्रयोगशाळेला फक्त काही मिलिग्रॅम लागतात, मिठाच्या चिमटीहून कमी, पण ते निव्वळ हवेत.

इथं माझा स्वतःचा अनुभव सांगते. एका ग्रॅनाइटचे दाणे मी कागदात गुंडाळलेल्या लोहचुंबकानं उचलले, वरवर पाहिले, काळे दिसले, पुडी बांधून पाठवून दिले. तापमान आलं ८०० च्या वर. त्या उष्णतेला तो खडक पुष्कळसा वितळलेलाच असता. मी चार दिवस सूत्रात चूक शोधली. मग उरलेले दाणे द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली पसरले. पिवळ्या उजेडात प्रत्येक काळ्या दाण्याच्या कडेला काचेसारखा एक पांढरा तुकडा चिकटलेला होता. चुंबकाला काय, थोडं मॅग्नेटाइट असलं की तो अख्खा दाणा उचलतो. आणि क्वार्ट्झच्या वजनात ऑक्सिजन ५३ टक्के, मॅग्नेटाइटच्या वजनात जेमतेम २८. म्हणजे वजनानं थोडीशी भेसळ ऑक्सिजनच्या हिशेबात जवळपास दुप्पट होऊन बसते. दोघांतला फरक खोटा कमी झाला आणि ताप खोटा वाढला. त्यानंतर मी दाणे आधी आणखी बारीक कुटायला लागले आणि सुई व ओल्या कुंचल्यानं एकेक वेचायला लागले. एका नमुन्याला आठवडा जायचा. मान धरायची. पण दाणा ज्यानं स्वतः वेचलाय त्यालाच आकडा मागं-पुढं झाला की कुठं बघायचं ते कळतं, म्हणून हे काम दुसऱ्यावर टाकू नका.

आणखी एक. एका जोडीवर थांबू नका, त्याच दगडातलं तिसरं खनिज, बायोटाइट म्हणजे काळा अभ्रक म्हणा, तेही मोजून घ्या. तिन्ही जोड्यांनी एकच तापमान दिलं तर ते तिघं एकत्र थांबले. वेगवेगळी दिली, जे ग्रॅनाइटमध्ये नेहमीचं आहे, तर खडक कसा निवत गेला याची गोष्ट तुमच्या हाती लागते, आणि ती एका आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची.

प्रश्न : ताई, मुलगा सांगत होता की पाण्यातसुद्धा जड ऑक्सिजन असतो. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्याला आणि बंबाला पांढरा थर धरतो. तो या जड ऑक्सिजनमुळं का? अपाय होतो का?
– एक गृहिणी, लातूर

उत्तर : नाही ताई, ही दोन वेगळी ‘जड’ आहेत. आपण बोअरच्या पाण्याला जड म्हणतो ते त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळं. थर त्याचा धरतो. जड ऑक्सिजन तर पावसाच्या, नळाच्या, माठाच्या, सगळ्याच पाण्यात असतो, ऑक्सिजनच्या दर ५०० अणूंत एखादा. जगात सगळीकडं साधारण हेच प्रमाण, इकडंतिकडं फरक पडतो तो या जड अणूंमध्येच, दर हजार जड अणूंमागं काहींचा. त्यानं चव बदलत नाही आणि अपायही नाही. उन्हात हलकं पाणी आधी उडून जातं, म्हणून वैशाखात तळ्यात उरलेलं पाणी श्रावणातल्यापेक्षा किंचित जड असतं. याच बारीक फरकावरून कुठल्या विहिरीत कुठलं पाणी मुरलं हे शोधतात, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत असं काम होतं.

बंबातला तुमचा पांढरा थर मात्र वर भोकरदनच्या भाऊंना सापडलेल्या पिवळ्या खड्याच्याच नात्यातला, कॅल्शियम कार्बोनेट. त्यातही ऑक्सिजनची वाटणी पाण्याच्या उष्णतेप्रमाणं होऊ बघते, पण तो इतक्या घाईनं बसतो की अणूंना आपली जागा धरायला सवड मिळत नाही, त्याच्यावरून तापमान काढायला गेलं तर फसगत होईल. थर काढायचा असेल तर बंब गार करून, लिंबूसत्व घातलेल्या पाण्यानं रात्रभर भरून ठेवा. सकाळी दोनदा खळखळून धुवा, मगच पेटवा.